पूर्वेकडचे अकरा खांब

आई, टिटवाळ्याच्या जागेचं कुंपण काढायला घेतलंय. तू लावलेलं, लाकडी खांबांचं. रागावू नकोस. पस्तीस वर्षं टिकलं ते, आणि त्यातली शेवटची दहा तर निव्वळ हट्टावर टिकलं. दक्षिणेकडचे दोन खांब बुडाशी कुजून लोंबकळत होते; खांबांनी तार धरायची, तर तारेनेच खांब धरून ठेवले होते. आता भोवताली सात-सात मजल्यांच्या इमारती झाल्यात. त्यांच्या गॅलरीतून लोक आपल्या तीन गुंठ्यांकडे असे बघतात की ही काय भानगड राहून गेलीय इथे. रिकामी जागा दिसली की माणसांचा हात आपोआप कचऱ्याच्या पिशवीकडे जातो, म्हणून शेवटी पक्की भिंत घालायचं ठरवलं. खांब सागाचे, वरचं लाकूड अजून खणखणीत आहे, तेव्हा ते चिरून त्याचं फाटक करायचं म्हणून एक सुतार मिस्त्री लावलाय. एवढंच कळवायचं असतं तर मी तुझ्या फोटोसमोर उभा राहून बोललो असतो, रोज बोलतोच. पण पूर्वेकडच्या बाजूबद्दल एक गोष्ट मी तू असताना तुला सांगितली नाही, आणि तू गेल्यावर चौदा वर्षांत फोटोलाही सांगितली नाही. म्हणून लिहून बघतो. ती बाजू म्हशीने पाडली तेव्हा तू म्हणालीस, ‘माझीच नजर चुकली.’ तुझी नजर चुकली नव्हती, आई. ती बाजू माझ्यामुळे पडली.

तुझी नजर चुकत नाही हे वागळे इस्टेटमधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा गेल्यावर तू तिथे लागलीस तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. प्रेसमधून पत्र्याचे तुकडे कापून, वाकवून, भोकं पाडून निघायचे आणि तुझ्यापुढच्या टेबलावर यायचे. तू एकेक उचलायचीस, फिरवून बघायचीस, भोकात माप तपासायचा गेज घालायचीस आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचीस. एकदा तू डबा विसरलीस म्हणून मी तो द्यायला आलो होतो. कोपरीहून पूल ओलांडून पश्चिमेला आलो, बस पकडली, विचारत विचारत शेड शोधली, तर तू मान खाली घालून बसलेली आणि प्रेसवरचा एक मोठा बाप्या माणूस तुझ्यापुढे हात जोडून उभा. त्याचा सबंध ट्रे तू परत केला होतास. ‘ताई, केसाएवढा फरक आहे, चालवून घ्या ना,’ तो म्हणत होता. तू वर न बघता म्हणालीस, ‘चालवूनच घ्यायचं तर मला कशाला बसवलंय इथं? कोणालाही बसवा.’ तो ट्रे उचलून गेला. मग तुला मी दिसलो, आणि पहिला प्रश्न काय, तर ‘डबा सरळ धरून आणलास ना रे? आमटी आहे त्यात.’ आमटी अर्थातच सांडली होती. ते तू डबा न उघडता पिशवीच्या बुडाकडे बघूनच ओळखलंस, आणि त्या दिवशी कोरडा भात खाल्लास.

कुंपणाचे ब्रॅकेटही त्याच शेडमधले. कुठल्याशा कोंबडीफार्मच्या ऑर्डरसाठी केलेले. बोटभर लांबीची लोखंडी पट्टी, तिला स्क्रूसाठी वर-खाली दोन भोकं, आणि मधोमध पुढे काढून वाकवलेला एक कान, त्यातून तार ओवायची. एका लॉटची भोकं जराशी मोठी पडली. तूच तो लॉट नापास केलास, आणि तो भंगारात जाणार म्हटल्यावर शेठना विचारून तूच तो घरी आणलास. त्या रविवारचं आपलं कोपरीचं स्वयंपाकघर मला आत्ता इथे बसून दिसतंय. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, जुन्या परातीत रॉकेलमध्ये भिजत घातलेले ब्रॅकेट, आणि रॉकेलच्या वासात वरणाच्या फोडणीचा वास. तू पदर खोचून एकेक ब्रॅकेट फडक्याने पुसतेस, भोकात स्क्रू घालतेस, त्याचं डोकं आत निसटत नाही ना ते बघतेस. ‘पास. पास. नापास. पास.’ मी जमिनीवर बसून कानशीने पट्ट्यांच्या कडांची धार मारतोय. त्याच महिन्यात माझा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागलेला, दोन विषयांत केटी, त्यामुळे ‘नापास’ शब्द आला की मी भिंतीकडे बघतो. शेवटी चिडून विचारलं, ‘एकदा नापास केलेला माल परत कशाला तपासतेयस?’ तू म्हणालीस, ‘त्याला काय झालंय? मशीनला नाही चालणार, तारेला चालेल.’ मग कुकरची शिट्टी झाली, तू गॅस बारीक केलास आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, ‘तुझंही ऑक्टोबरला होईल.’ केटीवरून तू मला बोललीस ते एवढंच. उरलेली कसर काकांनी भरून काढली.

काकांना मी त्या काळी खलनायक ठरवून टाकलं होतं, पण आता त्यांच्या वयाचा झाल्यावर वाटतं की त्या माणसाला आपली काळजीच होती, फक्त ती काळजी मोठ्या आवाजात यायची. डोंबिवलीहून दर पंधरा दिवसांनी ते यायचे, चहा बशीत ओतायचे आणि म्हणायचे, ‘वहिनी, ऐका माझं. दादाने हौसेने घेतली जागा, पण तो होता तेव्हा ठीक होतं. उघडी जागा म्हणजे कोणी पण घुसणार. उद्या एखाद्याने झोपडी टाकली तर तुम्ही काय करणार, मुलगा हा असा.’ मुलगा हा असा म्हणजे मी. त्यांनी गिऱ्हाईकही आणलं होतं. बाबांनी टिटवाळ्याला सगळी भातशेतं होती तेव्हा ती जागा घेतली होती, तिथे एक खोली आणि पुढे सुतारकामाची पडवी काढायची असं त्यांच्या मनात होतं. त्यातलं काही झालं नाही. त्यांच्या हातचं दुसरं काही उरलंच नव्हतं आपल्याकडे, हत्यारांची पेटी आणि ती जागा. त्या दिवशी तू काकांना म्हणालीस, ‘भाऊजी, मी कुंपण घालते. टिकलं तर जागा राहील. नाही टिकलं तर तुम्ही आणाल त्याला देऊ.’ मी तेव्हा दारात बूट घालत होतो. हे शब्द मी नीट ऐकले होते. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

खांब तू वखारीतून आणलेस. ठाण्यात कुठलं तरी जुनं घर पाडलं होतं, त्याचे सागाचे वासे. ते कापून घेतले, बुडं भाजून त्यांना डांबर फासलं आणि टेम्पोने टिटवाळ्याला नेले. खड्डे खणायला जवळच्या पाड्यावरचे दोघे जण मिळाले, पण ब्रॅकेट आपणच लावायचे असा तुझा हुकूम. बाबांकडून शिकलेलं सगळं तू मला त्या एका सकाळी शिकवलंस. ब्रॅकेट खांबाच्या बाहेरच्या अंगाला लावायचा, कारण जनावर बाहेरून रेटतं. रेटलं तर तार खांबावर दाबली जाते, आतून लावली तर उपटून येते. आधी पेन्सिलीने खूण. मग गिरमिट खुणेवर टेकवून फिरवायचं, जोर न लावता, भुसा आपोआप बाहेर पडू द्यायचा. स्क्रूच्या निम्म्या लांबीचं भोक झालं की थांबायचं. मग स्क्रू साबणाच्या वडीवर घासायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरने पिळत न्यायचा, शेवटपर्यंत पिळत. आणि शेवटी डोक्यावरची खाच उभी ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यात न साठता ओघळून जातं. ‘आणि स्क्रू कधी ठोकायचा नाही,’ तू म्हणालीस. ‘ठोकणारे पुष्कळ असतात. वरून सारखंच दिसतं, पण आत लाकूड फाटतं. त्याला काही पकड नसते.’ बघ, शब्दन् शब्द पाठ आहे मला. नापास होणाऱ्याची स्मरणशक्ती कमी असते असं नाही.

आपण तीन रविवार जात होतो. तीन बाजू दोघांनी मिळून केल्या, एका स्क्रूला चांगली पाच मिनिटं लागायची आणि संध्याकाळी माझे तळहात लाल व्हायचे. चौथ्या रविवारी फक्त पूर्वेची बाजू उरली होती. अकरा खांब, प्रत्येकाला तीन ब्रॅकेट, म्हणजे सहासष्ट स्क्रू. त्याच दिवशी कोपरीच्या मैदानावर आमच्या टेनिस-बॉल टुर्नामेंटची फायनल होती, चार वाजता, आणि मी पहिली ओव्हर टाकणारा. तुला मी सकाळी सांगितलं होतं. तू म्हणालीस, ‘काम झालं तर जा.’ दहा वाजता लक्षात आलं की तारेचं एक भेंडोळं कमी पडतंय. तू बाजारात निघालीस, चालत जायचं, चालत यायचं. निघताना म्हणालीस, ‘तू दोन खांब कर तोवर. उरलेले आल्यावर मिळून करू.’ उरलेले मिळून केले असते तर संध्याकाळ झाली असती. मी पहिल्या खांबाचे दोन स्क्रू रीतसर लावले. तिसऱ्याला हातोडी घेतली.

हे कसं केलं ते सांगतो, कारण कारागिरीने केलं. स्क्रू खुणेवर धरायचा, हातोडीचे तीन-चार घाव, डोकं पट्टीपासून नखभर वर राहिलं की थांबायचं. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेवटचे दोन आटे पिळायचे. डोकं व्यवस्थित बसतं, खाचेला ओरखडा येत नाही. खाच उभी. तू दीड तासाने भेंडोळं घेऊन घामाघूम होऊन आलीस तेव्हा अकराही खांब झाले होते. ‘एवढ्यात?’ तू म्हणालीस. मी म्हटलं, ‘आता हात बसलाय माझा.’ तू भेंडोळं खाली ठेवलंस आणि पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत एकेका ब्रॅकेटवरून बोट फिरवत गेलीस. जिने केसाएवढ्या फरकासाठी ट्रे परत पाठवला ती बाई माझ्या सहासष्ट स्क्रूंवरून हात फिरवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘बघ. मनावर घेतलंस तर होतं.’ तुझा चेहरा इतका उजळला होता की तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि त्या चेहऱ्यामुळेच सांगता आलं नाही. तारा ओढून झाल्यावर तू गिरमिट पुसलंस आणि माझ्या हातात दिलंस. ‘बाबांचं आहे. आता तुझ्याकडे राहू दे.’ ज्या दिवशी मी ते वापरलं नाही त्या दिवशी ते मला मिळालं. मी दोनची गाडी पकडून मॅचला पोचलो, पहिल्या ओव्हरमध्ये एकोणीस रन दिले आणि नंतर पहिल्याच चेंडूवर बाद झालो. देव असतो असं मला त्या दिवशी थोडा वेळ वाटलं होतं.

महिनाभराने पाड्यावरच्या मावशींनी निरोप पाठवला. आपण गेलो, नेमके काका पण बरोबर. पूर्वेची बाजू निम्मी जमिनीवर लोळत होती. मावशी बिचाऱ्या कानकोंड्या होऊन सांगत होत्या, ‘बाय, आमची म्हस लय वांड हाय. गवताला मुंडी घातली आत, शिंगात तार अडकली, मागं वढली तं सगली कुंपनाची वईच संगती आली.’ ब्रॅकेट एकापाठोपाठ एक निघून आले होते, गाजरं उपटावीत तसे, स्क्रूंसकट. काका म्हणाले, ‘वहिनी, मी म्हटलेलं ना. भंगारातला माल तो भंगारच.’ तू खाली वाकून एक ब्रॅकेट उचललास, त्याच्या भोकात लोंबणारा स्क्रू बोटाने हलवलास, खांबाजवळ गेलीस, बराच वेळ तिथे उभी राहिलीस. मी पहार हातात धरून तुझ्यापासून चार पावलांवर होतो. मग तू म्हणालीस, ‘माझीच नजर चुकली, भाऊजी. भोकं मोठीच होती, मी पास केली. मला एक महिना द्या.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, ‘बरं’ म्हणाले.

तो महिना तू एकटी जायचीस. मी येतो म्हटलं तर, ‘तुझी परीक्षा आलीय, पुस्तक उघड.’ दर रविवारी सकाळी डबा घेऊन जायचीस, अंधार पडायच्या आत यायचीस, हात तळव्यापासून मनगटापर्यंत सुजलेले. मी गरम पाणी काढून द्यायचो, एवढंच. पुस्तक मात्र उघडलं, ते तरी खरं. ऑक्टोबरला दोन्ही विषय सुटले, तू शेडमध्ये पेढे वाटलेस. कुंपण पुन्हा उभं राहिलं ते मग हललं नाही, काकांनी जागेचा विषय परत काढला नाही. सगळं गोड झालं असं म्हणायला हरकत नव्हती. पण दिवाळीनंतर एक दिवस तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस की तू चेकिंग सोडून पॅकिंगला जागा मागून घेतलीस. ‘चेकिंगला तरुण डोळे लागतात. माझे आता दगा देतात.’ तुला चाळिशीचा चष्मा लागला होता हे खरं, त्या टेबलावर तुला कितीतरी वर्षं झाली होती हेही खरं. मी स्वतःला तेच सांगितलं. पण तू पॅकिंगला जाऊन खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला लागलीस आणि शेडमधल्या गोष्टी घरी सांगायचं बंद केलंस. ‘आज काय झालं माहितेय का’ हे वाक्य जे आपल्या घरातून गेलं ते गेलंच.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. माझ्या लग्नात, डोंबिवलीला घर घेतलं तेव्हा, तुझी नात झाली तेव्हा. आनंदाच्या वेळी वाटायचं, आता हसून घेईल. आणि मग वाटायचं, कशाला आता. एक दिवस तर अगदी ओठांवर आलं होतं. तू शेवटच्या वर्षात गॅलरीत बसून माझ्या शर्टाचं बटण लावायला घेतलं होतंस, सून नको नको म्हणत असताना. सुईत दोरा जाईना. चार वेळा थुंकी लावून झाली, मग तू दोरा माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, ‘टिटवाळ्याच्या त्या वेळेपासूनच नजर गेली बघ माझी.’ हसतच म्हणालीस. मी सुईत दोरा ओवून दिला आणि म्हटलं, ‘तुझं आपलं काहीतरीच.’ एवढं मोठं तोंड आहे माझं, ऑफिसात माझ्या बोलण्याला लोक वचकून असत, आणि तुला द्यायला माझ्याकडे हे तीन शब्द होते.

आता परवाचं सांगतो. मिस्त्री अंबरनाथकडचा आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि कामात चिकट. त्याने पूर्वेचे खांब काढून, डांबराची बुडं कापून टाकली आणि एक खांब मशीनवर उभा चिरला. मी बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. मशीन बंद करून तो म्हणाला, ‘साहेब, इकडे या, गंमत दाखवतो.’ चिरलेल्या फळीवर दोन भोकं बरोबर अर्ध्यात कापली गेली होती, एकाखाली एक. खालच्या भोकात स्क्रूचे आटे लाकडात स्वच्छ उमटलेले, काल पिळून काढल्यासारखे. वरच्या भोकात आटेबिटे काही नाही, लाकडाच्या तंतूंचा नुसता चुरा. आणि त्या वरच्या भोकात बांबूची एक बारीक खुंटी बसवलेली, सरस लावून, बाहेरून तासून खांबाच्या अंगाशी इतकी सपाट केलेली की पस्तीस वर्षांत मला ती कधी दिसली नाही. बाकीचे खांबही मी त्याच रेषेत चिरून घेतले. सगळ्यांवर तेच. जुनं प्रत्येक भोक तू खुंटी मारून बुजवलं होतंस, आणि ब्रॅकेट बोटभर खाली घेऊन नव्याने, गिरमिटाने भोक पाडून लावले होतेस. मी मोजले. पहिल्या खांबावरची दोन सोडून जुन्या सगळ्या भोकांत चुराच, फक्त त्या दोन भोकांत आटे होते. पण खुंटी त्यांनाही होती.

मिस्त्री म्हणाला, ‘हे दोन माणसांचं काम आहे. एकाने पिळलेत, एकाने ठोकलेत. ठोकणारा कोण होता?’ त्याला मी काय सांगितलं ते थोड्या वेळाने लिहितो, आत्ता हात वळत नाहीये.

आई, भोक बुजवायचं तर खुंटी त्या मापाची करावी लागते, आणि माप घ्यायचं तर भोकात बघावं लागतं. जी गोष्ट या माणसाला पस्तीस वर्षांनी एका नजरेत कळली ती तुला सहासष्ट वेळा बघून कळली नसेल? तू खांबाजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिलीस ना, तेव्हाच कळलं असणार. आणि तरी काकांना म्हणालीस, माझी नजर चुकली. म्हणजे मुलगा हा असा, हे त्यांना आणखी एकदा म्हणायला मिळू नये म्हणून. परवापासून मी हेच धरून बसलोय, आणि यात किती बरं वाटतं ते तुला सांगू का? तुला ठाऊक होतं म्हटलं की माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं, तू मला तेव्हाच माफ करून टाकलंस असं होतं. पण मग ते पॅकिंग? मग तो सुईदोरा? ठाऊक असून तू तसं म्हणालीस ते मला सांगायला आणखी एक संधी द्यावी म्हणून का, आणि मी दोरा ओवून दिला? का तुला खरंच कळलं नव्हतं, भोक फाटलंय ते म्हशीच्या ओढीनेच असं तू धरलंस, मुलावर शंका घ्यायची नाही एवढ्याचसाठी, आणि चूक स्वतःच्या डोळ्यांवर घेतलीस? दोन्ही बाजूंनी विचार करून झाला. दोन्हींत तुझं प्रेम सारखंच निघतं, माझा फायदा तेवढा वेगवेगळा. तुला ठाऊक होतं असं मानणं मला सोयीचं आहे, एवढं मात्र मला नक्की कळतं. तुझ्या हाताखाली वाढलोय, सोयीचं म्हणून पास करायचं नाही हे तू शिकवलंस.

तर मिस्त्रीने विचारलं, ठोकणारा कोण. मी पंचावन्न वर्षांचा आहे. समोर माझ्याकडून मजुरी घेणारा माणूस, त्याच्या मताने माझं काही बिघडत नव्हतं. काका नाहीत, तू नाहीस, खांब तर चिरूनही झाले होते. मी म्हटलं, ‘वरचे आईने लावलेले. ते निघाले, मग खालचे मी लावले.’ तो हसला. म्हणाला, ‘तरीच. बायामाणसाला काय ठाऊक असणार. पण साहेब, तुमचा हात चांगला हाय हां, खरंच. अशा खुंट्या आता कोण करत नाय.’ आणि त्याने त्या खुंटीवरून अंगठा फिरवला.

मी नुसतं हसलो, आई. मग घरी आलो आणि जेवताना तुझ्या सुनेला तुझ्या खुंट्यांचं कौतुक सांगितलं, अगदी भरभरून सांगितलं, मिस्त्रीचं उत्तर तेवढं गाळून. हे पत्र कुठे पाठवणार, ते आपलं या टेबलाच्या खणात राहील. मिस्त्री उद्या सकाळी आठला येतोय. तो आला की चहा द्यायच्या आधी त्याला सांगायचं असं मी ठरवलंय. काल सकाळीही ठरवलं होतं. काल मी त्याला चहा दिला.